मिलिंदला मीच परत बोलावलं

मिलिंद साठेला सिंगापूरला परत मी आणलं.
काल दुपारी तो इथेच गेला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. आणि थोडं माझ्यासाठीही.

आम्ही दोघंही पुण्याचे. ओळख मात्र इथली, चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसमधली. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच नोकरी करतो मी.

जुनी अमेरिकन कार कंपनी. एका शेडमध्ये सुरू झालेली. एकेकाळी तिकडे निम्म्या गल्लीच्या दारात हिचीच गाडी असायची म्हणे. मग कारखाने वाढले, गाड्या लांबरुंद होत गेल्या, आणि वरच्या लोकांना वाटायला लागलं की जग कायम अशाच गाड्या घेणार.

मिलिंदला तसं वाटत नव्हतं.

तो दर मीटिंगमध्ये एकच सांगायचा. आशियासाठी छोटी गाडी करा. लोक हसायचे. त्याचं नावच "मिस्टर स्मॉल" पडलं होतं.

एकदा अमेरिकेहून मोठे साहेब आले. मिलिंदने त्यांना आपल्याच कंपनीच्या गाडीत बसवलं आणि थेट एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी वसाहतीच्या, कारपार्कमध्ये नेलं. वर चढायच्या गोल रॅम्पवर गाडी अडकली. ना पुढे, ना मागे. मागे छोट्या गाड्यांचे हॉर्न सुरू.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "सर, धिस इज अवर कस्टमर. बिहाइंड अस."

साहेब खूप हसले. टूर छान झाली म्हणाले.
पुढे काहीही झालं नाही.

आणि मग कंपनी बुडायला लागली. पेट्रोल महागलं, गाड्या यार्डात पडून राहिल्या, दिवाळखोरीचं प्रकरण कोर्टात गेलं. अमेरिकेत कारखान्यांना कुलपं लागली. आमच्याकडे मजलेच्या मजले रिकामे झाले.

मिलिंदची नोकरी गेली, माझी राहिली. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारायला गेलो नाही.

नोकरी गेली की ईपी, म्हणजे इथला कामाचा परवाना, गेला. महिनाभरात त्याने घर आवरलं. अनघा, त्याची बायको, कपाटं रिकामी करत होती आणि त्यांची छोटी मुलगी ईरा विचारत होती, "बट व्हाय कान्ट वी स्टे?"

पुण्यात तो एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला. सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचा. वजन उतरलं, बीपीची गोळी कमी झाली. फोनवर सांगायचा, "निख्या, आता पोरांशी भांडतो. साहेबांपेक्षा बरी ऐकतात रे."

सुखात होता तो. हे मला माहीत होतं.

काही वर्षांनी कंपनीत नवी माणसं आली. मोठ्या गाड्या बंद केल्या. कुणीतरी आमच्या ऑफिसला विचारलं, छोट्या गाडीचा विचार तिथे कुणी केलाय का?

मी त्याचं नाव सांगितलं. म्हणाले, बोलवा.

मी फोन केला. तो म्हणाला, "नको रे. बसलीये आता घडी."

तिथे थांबायला हवं होतं.
मी म्हणालो, "मग तुझी गाडी दुसरा कुणीतरी करेल. चालेल तुला?"


मग म्हणाला, "ईपीचं काय करायचं असतं आता, ते सांग."

तो आला, अनघा आणि ईराही आल्या. झपाटल्यासारखा कामाला लागला. दाराचं हँडल आपल्या आईच्या हाताला जमेल का, इथपर्यंत त्याचं लक्ष. गाडी निघाली, आणि चालली. इंडोनेशियात चालली, थायलंडमध्ये चालली, शेवटी अमेरिकेतसुद्धा लोक मागायला लागले. आमचे रिकामे मजले पुन्हा भरले.

तो मात्र थकत चालला होता. जिना चढताना थांबायचा. मी म्हणायचो, डॉक्टरकडे जा. तो म्हणायचा, "या लाँचनंतर." प्रत्येक वेळी नवीन लाँच असायचं. आणि "लाँच मी बघतो, तू जा" असं मी एकदाही म्हणालो नाही.

काल आम्ही फूडकोर्टात जेवायला गेलो. ईराच्या पोहण्याबद्दल बोलत होता. ट्रे हातात घेतला आणि म्हणाला, "जरा बसतो रे."

बसला. तेवढंच.

अँब्युलन्स लगेच आली. उपयोग झाला नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो आणि फोन वाजला. सगळ्या स्टाफला मेल. कंपनी पुन्हा नफ्यात. "वुई आर बॅक. थँक यू, टीम."

फोन बंद करून खिशात टाकला.

अनघा बाकावर बसली होती. मी म्हणालो, "मी फोन केला नसता तर..."

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.
"तर काय झालं असतं, मला माहीत नाही. तो आनंदाने आला होता, एवढं मला माहीत आहे. याच्यापुढे माझ्याकडे काही मागू नकोस, निखिल."

बरोबर बोलली. मी तिच्याकडे माफी मागायला गेलो होतो, तिच्या अशा वेळी.

ईरा बाजूलाच होती. आता उंच झालीये. माझा हात धरून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "ही वॉज हॅपी, अंकल. टायर्ड लाह, बट हॅपी."

त्यातला "टायर्ड" मला कालपासून ऐकू येतोय.

उद्या सकाळी मंडाईच्या स्मशानभूमीत अंत्यविधी आहे. ऑफिसमधल्यांनी जरूर या. तिथे कंपनीबद्दल मात्र कुणी बोलू नका, प्लीज.

मिलिंद, तुझी गाडी आज बसस्टॉपवरून दोनदा दिसली. एकीत मागे कारसीटवर लहान मूल झोपलं होतं.

गाडी चांगली झालीये रे.
मी तुला बोलवायला नको होतं.

ये मित्रा. आता आराम कर.