वैरागडे सरांचा रुमाल

दिगंबर वैरागडे सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या रविवारच्या मंडळींनी हा ग्रंथ काढला आहे. त्यात मला दोन पानं दिली. संपादकबाई म्हणाल्या, "आजी, सरांबद्दल चांगलं चांगलं लिहा." चांगलं आहे ते लिहितेच. बाकीचंही लिहिणार आहे. चांगलं चांगलं लिहिणारे या ग्रंथात पुष्कळ असतील, आणि माझी शाळा चौथीत सुटली, मला गुळगुळीत लिहिता येत नाही.

सरांची नि माझी ओळख मी त्यांना हसले त्यावरून झाली. सर शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दर रविवारी सकाळी लोकांना शहरात फिरवायला सुरुवात केली. आधी एखादं चित्रदालन, मग एखाद्या चित्रकाराची किंवा मूर्तिकाराची काम करायची जागा, आणि शेवटी शिल्पबाग. अशाच एका रविवारी मी शिल्पबागेतल्या बाकावर शेंगदाणे खात बसले होते. समोर धान रोवणाऱ्या बाईचा पुतळा. कमरेत वाकलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, उजवा हात चिखलाकडे गेलेला, आणि एक पाय उचलून पुढे टाकलेला.

सर पंधरा-वीस माणसं घेऊन आले. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि पुतळ्याखालच्या पाटीवर पसरला. म्हणाले, "आधी पाहा. वाचायचं नंतर." सगळे पुतळ्याकडे पाहत पाच मिनिटं गप्प उभे. मला वाटलं, कोणी वारलं की काय. मग सर बोलू लागले, "हे पुढे पडणारं पाऊल पाहा. केवढा विश्वास आहे त्यात!"

माझ्या तोंडातले शेंगदाणे बाहेर आले.

सरांनी वळून विचारलं, "आजी, का हसलात?"

"तुमी सांगून राहिले म्हणून हासली. रोवणी करणारी बाई कधी पुढं जाते काय? आत्ताच लावलेले पऱ्हे तिच्याच पायाखाली येतीन ना! रोवणारी मागं मागं सरकते."

एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "आजी, ही कला आहे."

"असंन बापा. पण तोंड माह्यं हाय."

सरांनी पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझी उजवी करंगळी विळ्यानं कापून वाकडी झालेली आहे. पुतळ्याचीही आहे. दुसरा कोणी असता तर म्हातारीला नमस्कार करून पुढे गेला असता. सरांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि म्हणाले, "दाखवा." मी गवताच्या काड्यांची जुडी केली आणि आम्ही दोघं हिरवळीवर वाकून मागे सरकत गेलो. सर एकदा बसकण मारून पडले. चौकीदार शिट्टी वाजवत धावत आला. सर पडल्या पडल्याच त्याला म्हणाले, "थांबा हो, एवढी धानाची बांधी रोवून संपू द्या." शिकायला त्यांना लाज नाही. ही पहिली गोष्ट त्यांच्या नावावर लिहा.

तो पुतळा माझा कसा, ते इथे सांगायला हवं. लग्न होऊन मी कुहीकडच्या खेड्यातून नागपुरात सक्करदऱ्याला आले आणि एका शिल्पकाराकडे माती मळायच्या कामाला लागले. माती मळायची, अर्धवट मूर्तीवरची फडकी सकाळ-संध्याकाळ ओली करायची, नाहीतर मूर्ती तडकते. त्यांना शिल्पबागेचं काम मिळालं तेव्हा ते म्हणाले, "तू धानाच्या मुलखातली, तूच वाक." मी एक महिना वाकले. त्यांनी पाऊल पुढे काढलं तेव्हा मी सांगितलं, असं नसतं. ते म्हणाले, "बाई, देश मागं जाताना दाखवत नसतात."

मी पुन्हा वाकले. कामावर होते. पुतळा उभा राहिल्यावर हौसेनं माझ्या आईला गावाहून आणलं. रोवणीत आई सगळ्यांच्या मधे लागायची, तिच्या ओळीवरून बाकीच्या आपली ओळ धरायच्या. तिनं पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाली, "तोंड तुह्यं. हात तुह्ये. पाय कोणाचे वं हे?" ती तिथे बसलीसुद्धा नाही. गावात तिनं कोणाला पुतळ्याबद्दल सांगितलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी मला पऱ्हे तुडवणारी म्हणून वर्षानुवर्षं चिडवलं. आई गेली. शिल्पकारही गेले. हातांना त्यांनी न्याय दिला, ते मी नाकारत नाही. पाय मात्र अजून तसाच उचललेला आहे.

हे सगळं सरांनी त्या दिवशी बाकावर बसून ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारपासून तुम्ही आमच्याबरोबर." मी गेले. त्यांच्यामुळे मी या वयात चित्रं पाहिली. आधी पाहायचं आणि पाटी नंतर, ही त्यांची शिस्त मला मानवली, कारण पाटी वाचायला मला तसाही वेळ लागतो. रुमालाखाली पाटी झाकली की शिकलेले आणि मी एका रांगेत येतो.

धरमपेठेतल्या एका दालनात काचेचं दार होतं आणि आत थंडगार. दारावरच्या माणसानं फक्त मला अडवलं. "अम्मा, चप्पल बाहर." बाकीचे बुटांसकट आत चाललेले. सरांनी त्याला विचारलं, "नियम सगळ्यांना आहे का?" सरांनी आपले बूट काढून माझ्या चपलांशेजारी ठेवले. मागून सगळ्यांनी काढले. मालक धावत आले, म्हणाले, "सर, असं नका करू, तुम्ही आमचे मानाचे." सर म्हणाले, "मग ह्या कोण?" त्या दिवशी सर बोलले. हे मी विसरत नाही, आणि पुढचं सोसत नाही ते याच्यामुळेच.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती तितके दिवस सर संध्याकाळी घरी यायचे आणि रोज एकच चित्र शब्दांत सांगायचे. एका तळ्याचं चित्र त्यांनी असं सांगितलं की मला पायाला पाणी लागल्यासारखं झालं. पट्टी सुटल्यावर ते दाखवायला घेऊन गेले. चित्र वीतभर निघालं. मी म्हटलं, "सर, तुमचं तर मोठं होतं." ते लहान मुलासारखे लाजले. सून म्हणाली, "आत्याबाई, इतकं तर तुमच्या पोरानं नाही केलं." खरं आहे. पोरगा दाराशी उभा होता, तरी तिनं म्हटलं.

आता ज्यासाठी ही पानं घेतली ते.

शिल्पबागेची एक समिती आहे आणि सर तिच्यावर आहेत. जुन्या पाट्या काढून नव्या दगडी पाट्या बसवायचं ठरलं. सर मला म्हणाले, "कौसल्याबाई, बैठकीत मी हा विषय काढतो. तुमचं नाव आणि रोवणीची खरी रीत, दोन्ही पाटीवर येईल." दोन ओळी त्यांनी माझ्यासमोर कागदावर लिहिल्या, मला वाचून दाखवल्या, घडी करून खिशात ठेवल्या. पुतळ्याचा पाय काही आता मागे येत नाही. पण पाटीवर लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेल की चूक बाईची नाही. मला एवढंच हवं होतं. आईला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

पाटी बसली. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा सरांनी घाईघाईनं पुढे होऊन रुमाल टाकला. एरवी सावकाश पसरतात. मी ओळखलं. सगळे पाहत असताना मी रुमाल उचलला आणि एकेक अक्षर लावून वाचलं. 'प्रगतीची वाट.' खाली शिल्पकारांचं नाव. खाली अध्यक्षांचं. मग सदस्यांची बारीक अक्षरांतली रांग, आणि त्या रांगेत शेवटी दिगंबर वैरागडे.

मी म्हटलं, "सर, तुमचं नाव बारीक हाय, पण हाय." आणि रुमाल त्यांच्या हातात देऊन घरी आले. वर्षभर गेले नाही.

मग एक दिवस सर घरी आले. मी या म्हटलं नाही, नका येऊ असंही म्हटलं नाही. सुनेनं सांबारवडी, आपली कोथिंबिरीची वडी, केली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली. एक खाल्ल्यावर म्हणाले, "मी कागद खिशातून काढलाच नाही."

"काहून?"

"बैठक सुरू होताच अध्यक्ष माझ्या रविवारच्या फेऱ्यांबद्दल बोलू लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कौतुक चाललेलं असताना कसं मधे बोलणार? मग विषय पुढे गेला."

दुसरा कोणी असता तर कागद हरवला म्हणाला असता. सरांनी खोटं सांगितलं नाही, हे मी मान्य करते. पण खरं माझ्या स्वयंपाकघरात सांगून काय उपयोग? दारावरच्या माणसाशी सर भांडतात. खुर्चीवरचा माणूस गोड बोलला की सरांचं तोंड बंद होतं. शहरभर लोकांना पाहायला शिकवणाऱ्या माणसाला एका बैठकीत दोन ओळी वाचता आल्या नाहीत.

मी पुन्हा रविवारी जाऊ लागले, कारण चित्रांनी माझं काही वाईट केलेलं नाही. तेव्हापासून सर एक करतात. बाकी ठिकाणी पाहून झाल्यावर रुमाल उचलतात. माझ्या पुतळ्याच्या पाटीवर टाकलेला उचलत नाहीत, तसाच सोडून निघतात. नंतर चौकीदार घडी करून चौकीत ठेवतो. त्याच्याकडे ढीग जमला आहे. मंडळींना यात सरांचं मोठं मन दिसतं, एका ताई तर डोळे पुसत होत्या. मला त्यात कापड दिसतं. वारा आला की उडतं आणि खाली पाटी जशीच्या तशी.

सर, या समारंभात तुमच्या खांद्यावर शाल घालायला तेच अध्यक्ष येणार आहेत, समितीही समोर बसणार आहे. पुन्हा सगळे कौतुक करणार. म्हणूनच माझ्या पानांत मी कौतुक बेतानं ठेवलं, कुठेतरी तुम्हाला बोलायला जागा राहावी म्हणून. तो कागद अजून तुमच्या खिशात असतो. रुमाल काढता तेव्हा त्याचा कोपरा दिसतो. घडीवर फाटला असेल तर त्या दोन ओळी मला पाठ आहेत, इथे लिहून ठेवते:

या शिल्पातील चेहरा व हात कौसल्या ठवकर यांचे. पाऊल शिल्पकाराच्या कल्पनेतले.
रोवणी करणारी बाई मागे सरकते.

वाचायला अर्धं मिनिट लागतं. मी मोजून पाहिलं आहे, आणि मी सावकाश वाचते.

माझं वय सरांपेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे, म्हणून आशीर्वाद द्यायचा मला हक्क आहे. सरांना शंभर वर्षं मिळोत. डोळे शेवटपर्यंत असेच राहोत, साखर आटोक्यात राहो, गुडघे हिरवळीवर वाकून मागे सरकण्याइतके शाबूत राहोत. आवाज तर आहेच, तो योग्य जागी निघो.

समारंभानंतरच्या रविवारी मी त्याच बाकावर असेन. रुमाल घरी ठेवून या.

कौसल्याबाई ठवकर
सक्करदरा, नागपूर