रशीदचाचांनी दिलेल्या काड्या

रशीदचाचांची आणि माझी शेवटची भेट आकुर्डीच्या एका दवाखान्यात झाली. नाकाला नळी, आवाज पार बसलेला. मी स्टुलावर टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "मॅडम, काड्या फुटल्या का?" मी म्हटलं, "फुटल्या की. पानंसुद्धा आलीत." ते डोळे मिटून हसले… चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. अब्बा गेले.

महाळुंग्याच्या मागच्या माळावर, कारखान्यांच्या भिंतींमध्ये अडकलेली द्राक्षाची एक जुनी बाग होती. कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी अमदानीत कुणा हौशी गृहस्थानं लावलेली. मांडीएवढी जाड खोडं, घड मोजकेच. पण त्यांची लाल वाइन लाकडी पिंपात तीन वर्षं मुरली, की तिला पिकल्या जांभळाचा असा काही वास यायचा, की बडबडे पाहुणेही गप्प व्हायचे. मी तिथल्या वाइनरीतली केमिस्ट, चाचा बागेचे माळी. त्या वाइनचा थेंबही त्यांनी कधी जिभेला लावला नाही. हराम ते हराम. तोडणीचा दिवस मात्र तेच ठरवायचे. द्राक्ष खायचे आणि बी दाढेखाली धरायचे. कडकन फुटली, तर "उद्या तोडा." एकदा मी साखर मोजायच्या यंत्राच्या भरवशावर चार दिवस आधीच तोडणी करायला लावली. त्या वर्षीची वाइन तुरट निघाली ती निघालीच. चाचा एवढंच बोलले, "तुमच्या मशिनीला दात न्हाईत, मॅडम."

पुढे मालकांनी बाग गोदामांसाठी विकली. शेवटच्या छाटणीला चाचांनी त्या वेलींच्या काड्या कापून ओल्या गोणपाटात बांधल्या आणि माझ्या हाती दिल्या. तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. "तुमच्याकडं जगवा. मग कुणाच्या तरी रानात लावू. ह्यो वाण दुसरीकडं कुठंच न्हाई." प्रत्येक काडीचं एक टोक सरळ कापलेलं, दुसरं तिरकं. वाकडच्या माझ्या बाल्कनीत मी ती तिरकी, अणकुचीदार टोकं मातीत खुपसली. खुंटी ठोकायची तर टोक खालीच जाणार, हे माझं शहाणपण. विचारायला हवं होतं… पण शिकल्यासवरल्या बाईनं एवढं काय विचारायचं. महिन्याभरानं एका नर्सरीवाल्यानं सांगितलं, तिरका काप वरच्या टोकाला देतात, उलटसुलट कळावं म्हणून. तोवर काड्या वाळल्या होत्या. नव्या काड्या आणायला धावत माळावर गेले, तर जेसीबीनं खोडं उपटून ढीग पेटवून दिलेला. त्यानंतर मी दवाखान्यात गेले आणि पानं आल्याचं सांगितलं. त्याची मला शरम वाटते, आजही वाटते.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शबाना घरी आली. "अब्बा सगळ्यांना सांगायचे, बाग मॅडमकडं हाय. एक रोप द्या, कबरीपाशी लावते."

मी तिला बाल्कनीत नेलं. तिनं एक काडी उपटली, मातीनं भरलेलं तिरकं टोक बघितलं. माळ्याची मुलगी ती, तिला काही सांगावं लागलं नाही.

"अब्बांना कळलं न्हवतं ना?"

"नाही."

"बरं झालं." ती काडी तिनं ओढणीत गुंडाळली. "राहू दे, त्यांच्या हातची हाय," म्हणाली आणि निघून गेली.

उरलेल्या काड्या मी उलटून पुन्हा खोचल्या आहेत, तिरकं टोक वर करून. रोज सकाळी पाणी घालते. त्यांतली एकही फुटणार नाही, हे मात्र मला कुणाला विचारावं लागत नाही.