जपाच्या खोलीतला खोकला

"ह्यो कुत्रा तं हुबेहूब वकीलसाहेबांवानी खोकतोय!"

मागच्या पडवीत कुळथाचं गाठोडं उतरवता उतरवता आमची उमरठची जमीन कसणारा जुना कूळ काकूला म्हणाला आणि स्वतःच हसला. काकू हसली नाही. तिने आधी माजघराच्या दाराकडे पाहिलं आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल रे मेल्या. घरात आहेत."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. ताट माझ्या मांडीवर होतं एवढंच; निवडण्यात माझी फारशी गती नव्हती. वडिलांनी मला लहानपणापासून मुंबईच्या कॉन्व्हेंटात ठेवलं होतं. मॅट्रिक झाले आणि त्यांची कराचीला बदली झाली, तेव्हा पुढचं ठरेपर्यंत माझी रवानगी महाडला काकांकडे झाली. बोटीने, मग लाँचने, मग बैलगाडीने माझी ट्रंक आली आणि ट्रंकेमागून मी. आल्या दिवसापासून काकू मला "आमची मड्डम" म्हणत असे. मी कमी बोलत असे, त्यामुळे मला मराठी कमी समजतं असा घरात समज झाला होता. तो मी दूर केला नाही, कारण त्यामुळे माझ्यादेखत पुष्कळ बोललं जाई.

काका महाडात वकील होते आणि आसपासच्या गावांसाठी निघालेल्या निर्व्यसन मंडळाचे अध्यक्ष होते. दर बाजाराच्या दिवशी ते पारावर उभे राहून तंबाखू, विडी आणि ताडी यांच्याविरुद्ध बोलत. विडीवर ते विशेष चांगलं बोलत. पहिल्या झुरक्याला घशात कुठे चरचरतं, दुसऱ्याला छातीत ऊब कशी पसरते, जेवणावर ओढली तर मेंदूला कसा खोटा आराम वाटतो, हे सारं ते इतकं बारीक सांगत की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे मान हलवत आणि उरलेले नकळत खिशात हात घालत. एवढी माहिती त्यांनी पुस्तकांतून मिळवली असेल, असं मला तेव्हा वाटे.

कुत्रा होता गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला. त्याच कुळाने दोन वर्षांपूर्वी टोपलीतून पिल्लू आणून दिलं होतं. घरात त्याला नुसतं "कुत्रा" म्हणत. मी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते आम्हा दोघांतच होतं. इथेही लिहीत नाही. मी सोडून त्याचं प्रेम होतं ते फक्त काकांवर. काका ओटीवर गेले की तो ओटीवर, काका विहिरीवर गेले की तो विहिरीवर. काका जपाला बसले की तोही जपाला.

जपाची खोली म्हणजे ओटीच्या टोकाची, जुन्या कज्जांची दप्तरं ठेवायची लहानशी खोली. कोर्टातून आल्यावर काका तिथे तासभर बसत, आणि रविवारी सकाळीही. दार आतून लावून घेत. दाराखालच्या फटीत एक जुनं धोतर दाबून बसवत, कारण काय, तर वाऱ्याने दिवा विझतो. मग आत धूप पेटे. फटींतून जो थोडा धूर बाहेर झिरपे त्याला धुपाचाच वास असे आणि येणारीजाणारी माणसं ओटीवर थबकून नमस्कार करत. सुरुवातीला कुत्र्याला बाहेर ठेवत. पण तो दार ओरबाडून असं केकाटे की शेजारी विचारायला येत. म्हणून त्याला आत घेऊ लागले.

त्या फाल्गुनात कुत्रा खोकू लागला. मान लांब करून, पाठ कमानीसारखी वर काढून, घशातून करवत चालावी तसा आवाज काढी. नंतर बराच वेळ छातीतून शीळ वाजत राही. काकांना खोकला दिवाळीपासूनच होता. पण आता त्यांनी तो कुत्र्यामुळे असल्याचं जाहीर केलं. आधी कोण खोकलं याबद्दल घरात दोन मतं नव्हती, कारण एकच मत बोलून दाखवायची परवानगी होती.

निदानाला सुरुवात झाली. काकूच्या मते शेतांत राब भाजतात त्याचा धूर. त्या दिवसांत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला सगळीकडे पालापाचोळा पेटवलेला असतो आणि महाडची सगळी खोरी धुरकट दिसतात, हे खरं. पण तो धूर सगळ्यांसाठी सारखाच होता. गोठ्यातली म्हैस खोकत नव्हती. मग काकूने दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या कुत्र्यावरून उतरून निखाऱ्यावर टाकल्या. आमच्याकडचा नियम असा, की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. मिरच्या मुकाट जळल्या तर दृष्ट होती. दाराशी बांधलेला, आधीच खोकणारा कुत्रा असा ठसकला की त्याचे डोळे पांढरे झाले. पाठोपाठ काका खोकले, मी खोकले, काकू पदर तोंडाशी धरून मागे सरली.

"लागला ठसका!" काकू म्हणाली. "म्हणजे दृष्ट नाही. रोगच आहे."

म्हणजे खोकतो म्हणून परीक्षा घेतली आणि खोकला म्हणून नापास केला. शाळेत इतकी सरळ परीक्षा मी कधी दिली नव्हती.

मग पेन्शनर सुभेदार आले. हे शेजारच्या आळीत राहत, मोठ्या लढाईत मेसोपोटेमियात होते, आणि गावात परवान्याची बंदूक त्यांच्याकडे होती. मला पाहिलं की ते टाचा जुळवून "गुड मॉर्निंग, मिस्साब" म्हणत, दिवस कितीही वर आलेला असो. त्यांनी कुत्र्याच्या छातीला कान लावला.

"आमची खेचरं अशीच खोकायची, वकीलसाहेब. बसऱ्याला."

"मग काय औषध करायचात?"

"औषध?" सुभेदार बुचकळ्यात पडले. "एकदा बार काढायचो. खोकला लगेच थांबायचा."

काका गंभीर झाले. क्षय जनावरांकडून माणसांत येतो असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. शिवाय येत्या रविवारी पुण्याहून एक मोठे वक्ते निर्व्यसनावर बोलायला यायचे होते आणि उतरायचे होते आमच्याकडे. पाहुण्यांच्या पानाशेजारी क्षयी कुत्रा नको. सुभेदारांनी शनिवारी सकाळी यावं आणि कुत्र्याला नदीपलीकडे न्यावं, असं ठरलं.

त्या रात्री मी जेवले नाही. काकूने विचारलं तर पोट दुखतं म्हटलं. घरात माझ्याशी बोलणारा, म्हणजे मी ज्याच्याशी बोलत असे असा, तो एकटाच होता.

कॉन्व्हेंटात आम्हाला सायन्स शिकवणाऱ्या नन म्हणत, आधी पाहा, मग लिहा, मत सगळ्यात शेवटी. मी वहीचं एक पान काढलं आणि कुत्रा केव्हा केव्हा खोकतो ते लिहू लागले. सोमवारी, मंगळवारी, दोन्ही दिवशी कोर्ट सुटल्यानंतर. सकाळी जवळपास नाहीच. बुधवारी काका पोलादपूरला सभा ठरवायला गेले ते शुक्रवारी दुपारी परतले. बुधवार संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवारची सकाळ, हे रकाने कोरे राहिले. राब तर या तिन्ही दिवशी समोरच्या डोंगरभर भाजत होते. शुक्रवारी काका आले, जपाला बसले, आणि तासाभराने ओटीवर दोघंही एकदम खोकायला लागले.

"पाहिलंस?" काका काकूला म्हणाले. "तीन दिवस लांब होतो तर छाती मोकळी होती. आलो की झालं सुरू."

कूळ तेव्हा त्यांची वळकटी उतरवून मागच्या पडवीत टेकला होता. पोलादपूरला सामान वाहायला तोच बरोबर होता. मी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि आयुष्यात प्रथमच आपणहून प्रश्न विचारला.

"काका तिकडे खोकत नव्हते?"

"नाय कसं, ताय? रातभर डोळा लागू दिला नाय." त्याने पाणी घटाघटा पिऊन तोंड पुसलं. "आनि कुत्र्याला दमा नाय, क्षय नाय. धुराचा ठसका हाय त्यो. आमच्या चुलीपाशी निजनारी मांजरं तशीच खोकत्यात."

"मग तू त्याला परत घेऊन जा ना उमरठला."

"नेला असता गो. पन बिबट्या फिरतोय वाडीवर. चार कुत्री नेली त्यानं." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "धूर कुटं हाय त्ये बघा म्हंजे झालं."

काका आंघोळीला गेले होते. मी जपाच्या खोलीत शिरले. शब्दकोश हवा होता, असं उत्तर मनात तयार ठेवलं होतं. खिडकी बंद, फटींत कागद कोंबलेले. धुपाटण्यात निखारे अजून धुमसत होते. पाटाशेजारी कुत्र्याच्या बसण्याची जागा तांबूस केसांनी माखलेली. भिंतीवर खुंटीला काकांची गोमुखी लटकत होती. जप करताना माळ कुणाला दिसू नये म्हणून हात घालायची ती पिशवी; काकूने लाल कापडावर स्वतः वेलबुट्टी काढून शिवलेली. माळ तिच्या शेजारच्या खुंटीवर होती आणि तिच्यावर धूळ होती. तरी गोमुखी फुगलेली होती. मी बाहेरूनच चाचपली. आत एक काड्यापेटी आणि दोऱ्याने बांधलेला एक जुडगा लागला. दिसू नये म्हणून केलेली वस्तू तिचं काम चोख करत होती.

मी वळले तर दारात काकू. तिने माझ्याकडे पाहिलं, गोमुखीकडे पाहिलं, आणि पुढे होऊन गोमुखी जरा सरळ केली, तसबीर सरळ करावी तशी.

"शब्दकोश," मी म्हटलं.

"इथे नाही तो."

"काकू, तुला माहीत होतं?"

"धोतरं मी धुते, बाई. भोकं कशाची पडतात ते मला कळत नाही होय?" ती दाराखालचं धोतर घडी करू लागली. "सगळ्या आळीला माहीत आहे. माणूस मोठा आहे, मान आहे. काही गोष्टी बोलायच्या नसतात. तुमच्या मड्डमांनी शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींवर बोलणं असभ्य, हे आम्ही शंभर वेळा लिहून काढलं होतं. कॉन्व्हेंट आणि काकू यांचं एवढ्या एका बाबतीत पूर्ण एकमत होतं, आणि त्या एकमतात कुत्रा मरणार होता.

शनिवारी सकाळी सुभेदार आले ते खाकी कोट घालून, मेडलं लावून. बंदूक त्यांनी ओटीच्या खांबाला टेकवली. काकूने चहा ठेवला. कूळ अंगणात नदीपलीकडे खड्डा खणायला कुदळ घेऊन उभा होता, आणि जमिनीकडे बघत होता. काकांनी कुत्र्याला साखळी घातली. कुत्र्याला वाटलं फिरायला जायचंय; तो काकांच्या पायांभोवती नाचू लागला, नाचता नाचता खोकू लागला. काकाही खोकले. दोघांचा सूर अगदी एक होता. सुभेदारांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मिशी नीट केली.

"वाईट वाटतं," काका म्हणाले, "पण घरात तरुण मुलगी आहे. तिच्या छातीचा विचार करायला हवा."

हे मात्र मला सहन झालं नाही. माझं नाव निघालं म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले होते. एरवी अशा वेळी मी आत जात असे. वहीचं ते पान पदरात होतं, पण ते बाहेर काढलं असतं तर वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचून दाखवलं असतं तर काकूच्या वेलबुट्टीपर्यंत जावं लागलं असतं. काकूने दारातून माझ्याकडे डोळे मोठे केले. मी पायरी उतरले, काकांच्या हातातली साखळी धरली आणि म्हटलं,

"काका, एक आठवडा याला जपाला नेऊ नका. तेवढ्यात खोकला थांबला नाही, तर ही साखळी मी स्वतः सुभेदारांच्या हातात देईन."