खळ्यावरून आलेलं पोतं

राळेगावच्या स्टँडवर नागपूरची यष्टी लागली, तेव्हा माझी पेटी टपावर चढवायला बाप स्वतः शिडीने वर गेला. खाली उतरून धोतराला हात पुसत एवढंच म्हणाला, "तिकडं कोणापुढं हात पसरू नोको, बाई. कमी पडलं तं लिव्हजो." माय रडत होती. मी नर्सिंग शिकायला निघाले होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. कधी एकदा कमवायला लागते आणि या दोघांना पोटभर खाऊ घालते, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना ते दिवस ठाऊक आहेत. माझ्यासारखे जे निघाले, त्यांनाही. छप्पन साली आम्ही बुद्धाच्या धम्मात गेलो. त्यानंतर बापाने गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं बंद, निरोप घेऊन पळणं बंद. कामं गेली तसा सुगीला पाटलांच्या खळ्यावरून मिळणारा ज्वारीचा वाटाही गेला. बाप तेव्हा पन्नाशीला टेकलेला. त्या वयात तो राळेगावच्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची ओझी वाहायला जाऊ लागला. जीन बंद असलं की आमच्याकडे ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, तीही दोन्ही वेळा नाही. पण माय सांगायची, "पयले रातभर कूस बदलत जाये. आता पडला का घोरते." मला हसू यायचं. घोरण्याने कोणाचं पोट भरतं?

शिक्षण संपलं, नोकरी लागली. पांढरा युनिफॉर्म, क्वार्टर, मेसमध्ये रोज गव्हाची पोळी. ती पोळी खाताना घरच्या कण्या आठवायच्या. मग मी माझं शहाणपण चालवलं. पाटलांना पत्र लिहिलं, पहिल्या पगारातून मनीऑर्डर केली आणि विनंती केली की खळं झालं की पोतंभर ज्वारी आमच्या घरी पोचवा. बाजारापेक्षा स्वस्त पडणार होती आणि दाणाही चांगला. पाटील भला माणूस, त्यांनी शब्द पाळला. त्यांचा गडी भरदुपारी गाडी घेऊन आला आणि सगळ्या गावादेखत पोतं आमच्या दारात उतरवून गेला.

बापाने ते पोतं खांद्यावर घेतलं आणि परत खळ्यावर नेऊन ठेवलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या पत्रात त्याने मला तेवढंच कळवलं. खाली एक ओळ होती, रजा घेऊन ये.

मी रागातच गेले. माझ्या घामाचा पैसा, त्यात लाज कसली? बापाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुहा पैसा हाये, मले मालूम हाये. पण गावाले मनीऑर्डर नाई दिसली, बाई. पोतं दिसलं. इतके साल मी त्या खळ्यावर गेलो नाई. तू मले एका दिवसात तिथं नेऊन उभं केलं."

मी मान खाली घातली. एवढी शिकलेली मी, आणि माझ्याच बापाने अर्धपोटी राहून काय कमावलं होतं ते मला दिसलं नव्हतं. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

पाटलांनी पैसे परत केले होते. बाजाराच्या दिवशी बाप मला घेऊन राळेगावला गेला. त्याने चार ठिकाणी दाणा दाताखाली फोडून पाहिला, घासाघीस केली, दोनदा रुसून पुढे गेला आणि परत आला. त्या पैशात पोतं काही भरलं नाही. घरी आल्यावर मायने दाण्यातले खडे पाहून तोंड वाकडं केलं. बाप मात्र दिवसभर खुशीत होता. मी त्याला तेवढा खुश आधी कधी पाहिला नव्हता.

आता मी त्याच्या तेव्हाच्या वयाच्या किती तरी पुढे आहे. पेन्शन आहे, फ्लॅट आहे, दुकानदार म्हणतो, बाई, फोन करा, घरपोच पाठवतो. मी जातेच. दाणा दाताखाली फोडते आणि पिशवी स्वतः जिन्याने वर आणते. गुडघे बोंबलतात, शेजारच्या बायका हसतात. सगळं असूनही बापासारखी झोप मला लागत नाही.

गावातली आमची झोपडी कधीच पडली. मला घर आठवतं ते राळेगावच्या बाजारापासून आमच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर. नाल्याकडून जवळची वाट होती, पण बाप त्या दिवशी पाटलांच्या दारावरून, भर गावातून निघाला. खांद्यावर ज्वारी, मान ताठ, घामाने बंडी ओली झालेली. मी मागे रिकाम्या हाताने. राहवलं नाही म्हणून म्हटलं, "दे ना बा, थोडं मी घेतो."

"आज नाई, बाई," तो म्हणाला. "आज लोकायले पाहू दे."