शेवटच्या शनिवारचं आवडतं

शिक्षकांच्या खोलीत किस्से जमवावे लागत नाहीत. धुण्याच्या बादलीसारखे ते आपोआप साचत जातात, आणि एखाद्या दिवशी पाय लागून बादली कलंडली की कळतं, अरे, एवढं भरलं होतं होय! सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते. म्हणजे माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, सर्वेक्षणाला हिंडणं आणि मीटिंगला बसणं यातून वेळ उरला तर शिकवते. तेव्हा हे किस्से एका दमलेल्या बाईचे आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात ऋतुजाने केली. ऋतुजा आमची विज्ञानाची नवी शिक्षिका, वयाने माझ्या मुलीएवढी. ती मोबाईलवर कुठल्या कुठल्या पोरींचे 'मंथली फेव्हरेट्स' नावाचे व्हिडिओ बघते. महिनाभरात काय काय आवडलं ते या पोरी कॅमेऱ्यासमोर मांडून दाखवतात. कुणाला एवढं आवडायला वेळ मिळतो, हा माझा पहिला प्रश्न. पण ऋतुजा म्हणाली, "बाई, आपण पण करायचं."

मग ठरलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबायचं. प्रत्येकीने तीन आवडत्या गोष्टी सांगायच्या: एक तोंडाला लावायची, एक वाचायची, एक मोबाईलमधली. दोनच नियम. स्वतः वापरल्याशिवाय आणायचं नाही, आणि दुसरीने आणलेलं आपण नंतर वापरून बघायचंच. आम्ही चौघी. ऋतुजा, मी, चित्रकलेची पद्मा आणि आमच्यात सगळ्यांत मोठ्या, गणिताच्या महादेवी बाई.

पहिल्या शनिवारी पद्माने हात वर केला. "लावायचं म्हणजे खोबरेल तेल. वाचायचं म्हणजे मिक्सरबरोबर आलेलं रेसिपीचं पुस्तक. आणि मोबाईलमधलं म्हणजे गजर."

"गजर हे काय फेव्हरेट असतं का?" ऋतुजा म्हणाली.

"ज्या पहाटे नळाला पाणी येतं त्या पहाटे तो वाजला नाही तर पुढचे चार दिवस तू तोंडाला काय लावतेस ते बघते की," पद्मा म्हणाली.

गजर एकमताने मंजूर झाला.

महादेवी बाईंनी मात्र काहीच आणलं नव्हतं. "मला आवडायला येळ कुटं हाय?" म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या. आम्ही पुढे विचारलं नाही. कारण माहीत होतं.

*

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. त्यांचे मालक, म्हणजे अप्पा, यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. माणूस असा की साडी घ्यायला आलेली बाई साडी विसरून गप्पा मारून जायची. आख्ख्या गल्लीत चेष्टा केल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही. बायकोला तर रोज.

उन्हाळ्यात अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पार थांबलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, पण किती समजतंय ते सांगता येणार नाही. दिवसा त्यांच्यापाशी बसायला शेजारच्या गंगूबाई येतात, पण अप्पांना पाणी हवंय की पाठ दुखतेय हे त्यांना कळत नाही. त्या आपल्या अंदाजाने चहा पाजतात. एकदा दुपारी बाई घरी गेल्या तर अप्पा घामाने भिजलेले. पंखा बंद होता, आणि ते सांगता न आल्याने तसेच पडून होते.

त्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. मालक काय सांगायला लागले तर ठीक. न्हाय तर नोकरी सोडते."

मला फार वाईट वाटलं, हे सरळच सांगते. बाईंशिवाय ती खोली मला नको होती. पण नको म्हणायचा मला काय अधिकार?

*

ऋतुजाचं पहिलं आवडतं होतं सनस्क्रीन. नियमाप्रमाणे ते आम्ही सगळ्यांनी लावायचं होतं. नेमकी त्याच महिन्यात घरोघरी फिरून सर्वेक्षणाची ड्युटी लागली. सोलापूरचं ऊन, डोक्यावर पदर, आणि ऋतुजाची ताकीद, "भरपूर लावा, कंजूषपणा करू नका."

आम्ही भरपूर लावलं. सावळ्या तोंडांवर ते पांढरंफटक बसलं आणि तासाभराने घामाबरोबर गळ्याकडे उतरायला लागलं. मी आणि पद्मा एका घराच्या दारात उभ्या राहिलो. आतून एक म्हातारी आली. आमच्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग आत वळून सुनेला म्हणाली, "पोरान्ला बोलीव गं, नाटकवाल्या आल्यात."

पोरं आली. पद्माने घरात माणसं किती, असं विचारलं तरी पोरं हसली. त्या घराची माहिती मात्र आम्हाला पूर्ण मिळाली, चहासकट.

*

मग पद्माने पावलं मोजणारं अॅप आणलं. चौघींनी घ्यायचं आणि महिन्याच्या शेवटी जिची पावलं जास्त तिला बाकीच्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची. मी रोज जेवण झाल्यावर गल्लीत येरझाऱ्या घालायला लागले. नवरा म्हणायचा, बस की आता. ऋतुजा वर्गातसुद्धा शिकवताना फिरायची.

पद्मा पहिल्या दिवसापासून पुढे. कितीही चाललं तरी तिच्या निम्म्यालासुद्धा आम्ही पोचत नव्हतो. शेवटच्या शनिवारी मी म्हटलं, "पद्मा, तू चालतेस तरी कुठे एवढी?"

"कुठे नाही अक्का. संध्याकाळी घरच्या कारखान्यावर बसून टॉवेलांच्या घड्या घालते."

तिच्या नवऱ्याचे टॉवेलचे माग आहेत, विजेवर दिवसभर धडधडणारे. घड्या घालताना मोबाईल कुठे ठेवतेस, असं महादेवी बाईंनी विचारलं. पद्मा म्हणाली, "मागावरच. दुसरी जागाच कुठे आहे?" म्हणजे महिनाभर आम्ही तिच्याशी नव्हे, एका पॉवरलूमशी शर्यत लावून चाललो होतो. भाकरी तिने घेतली ती घेतलीच.

*

माझा किस्सा सांगायला मला फारसा उत्साह नाही, पण लपवूनही उपयोग नाही.

ऋतुजाच्या सांगण्यावरून मी केसांना रंग लावला, भुवया कोरल्या आणि सुट्टीनंतर जरा बरी होऊन शाळेत गेले. आमच्याकडे सकाळी मोबाईलसमोर तोंड धरून हजेरी लावायची असते. अॅपने माझं तोंड बघितलं आणि ओळखायला नकार दिला. चष्मा काढला, चष्मा घातला, खिडकीपाशी गेले, दाराशी आले. काही नाही. मुख्याध्यापिका आल्या, म्हणाल्या, "बाई, उशीर लागेल हं. पूर्वीसारख्या दिसा बघू."

शेवटी ऋतुजाने जुना नोंदणीचा फोटो काढून बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, जरा आठव्या तासासारखा चेहरा करा ना."

मी केला. फारसे कष्ट पडले नाहीत. हजेरी तत्काळ लागली.

*

अप्पांसाठीचं अॅपसुद्धा ऋतुजानेच आणलं. त्या महिन्याचं तिचं आवडतं तेच होतं, स्वतःसाठी तिने काही आणलंच नव्हतं. मोबाईलच्या पडद्यावर मोठी मोठी चित्रं. पाण्याच्या पेल्याला बोट लावलं की फोनमधली बाई म्हणणार, "पाणी हवंय." पंख्याला लावलं की "पंखा लावा." दुखतंय, झोप आली, चहा, आणि सगळ्यात शेवटी गळ्यात नळी घातलेला डॉक्टर. बोलता येत नसलेल्यांसाठीच ते बनवलेलं. डावा हात चालतोय, मग झालं तर.

आम्ही तिघी रविवारी बाईंच्या घरी जाऊन ते लावून आलो. फोन अप्पांच्या डाव्या हातापाशी उशीला टेकवून ठेवला. पद्माने पंखा दाबून दाखवला. ऋतुजाने चहा दाबून दाखवला, आणि गंगूबाईंनी खरंच चहा ठेवला. अप्पा छताकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी बाईंना विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "हातबी लावत न्हाईत. काल मी हात धरून बोट ठेवलं, तर हात काढून घेतला. त्यांना नको वाटतंय, का चित्रच कळत न्हाय, काय समजायचं मी?"

ऋतुजा रडवेली झाली. बाईच तिला म्हणाल्या, "तू कशाला रडतीस? तू आणलंस, आमी लावलं. नेम पाळला की."

*

पुस्तकाचा किस्सा त्यानंतरचा. मी प्रदर्शनातून एक जाडजूड कादंबरी सवलतीत घेतली होती आणि मोठ्या तोंडाने महिन्याचं आवडतं म्हणून ठेवली होती. ती आधी पद्माकडे गेली, मग ऋतुजाकडे, शेवटी महादेवी बाईंकडे. मी म्हटलं होतं, शेवट चटका लावून जातो. पद्मा म्हणाली, मला तर शेवटाला रडूच आलं. ऋतुजा म्हणाली, ओपन एंडिंग आहे, ज्याने त्याने लावावा तसा अर्थ.

बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "बाई, मला एक सांगा. ह्यो माणूस रिटायर झाला, सत्काराला हार घालून बसला, आणि पान उलटलं तर पहिलीच्या वर्गात बसून आईसाठी रडायलाय. आसं कसं?"

उघडून बघितलं. छापखान्यात शेवटची पानं राहूनच गेली होती. त्यांच्या जागी पुस्तकाची पहिलीच पानं पुन्हा शिवली होती. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. पद्माने विषय बदलून पाणी कधी येणार ते काढलं.

मी विचारलं, "बाई, एवढं सगळं तुम्ही वाचलंत कधी?"

"मालकांना वाचून दाखवत होते," बाई म्हणाल्या. "ती पहिली पानं परत आली तरी वाचत राहिले. म्हटलं आता तरी कपाळाला आठी घालतील. पूर्वी आसते तर पुस्तक हिसकावून घेऊन दुकानभर सांगितलं आसतं. काय न्हाय. नुसते बघत राहिले." मग म्हणाल्या, "पाणी मागू नका म्हणावं, चहा मागू नका. आत हाईत, एवढं कळू दे मला."



*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार आला. बाई राजीनामा देणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. ऋतुजाने आदल्या महिन्यात आम्हा तिघींना एकेक पाकीट दिलं होतं. आत एक ओला पांढरा कागद असतो, डोळ्यांना, नाकाला आणि तोंडाला भोकं पाडलेला. तो चेहऱ्यावर चिकटवून थोडा वेळ बसायचं, मग चेहरा उजळतो म्हणे. माझा उजळला नाही.

बाई आल्या, पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "आज माझं आधी घ्या."

"एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच," पद्मा म्हणाली.

"गेल्या रविवारी डोक्यावरनं न्हाले आणि म्हटलं, जायच्या आधी ह्या पोरीचं ते कागदाचं तोंड लावून टाकू. उधारी नको. लावलं आणि पार विसरून गेले. चहा उतू जायलाता, तो उतरवला, कप भरला आणि तशीच आत गेले."

"कागद लावून?" ऋतुजाने विचारलं.

"कागद लावून. मालकांनी बघितलं. लई येळ बघितलं. मग डावा हात हलला. मला वाटलं कप मागायलेत. तर हात फोनकडं गेला. एकेका चित्रावरनं बोट फिरायलंय. पेला सोडला. पंखा सोडला. चहा सोडला. मी दारात कप धरून उभी, हलले न्हाय. शेवटच्या चित्रावर बोट थांबलं, आणि फोनमधली बाई बोलली, 'डॉक्टरांना बोलवा.'"

हसायचं की नाही तेच कळेना.

"म्हटलं घाबरवलं मी त्यांना. कप ठेवला, कागद ओढून काढला, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, 'अहो, मीच हाय. बघा की नीट.' त्यांनी नीट बघितलं. कपाळापास्नं हनुवटीपर्यंत सगळं बघितलं."

बाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मग परत तेच दाबलं."