रमेशमामाच्या पेन्शनचे अकरा महिने

यांतील पहिले दोन किस्से मला सुमतीमावशीने गेल्या पोंगलच्या सुट्टीत, तिरुवैयारूहून तंजावरला परतताना बसमध्ये सांगितले. तिसरा आणि चौथा माझ्यासमोर घडले. पाचवा सेल्वीअक्काने सांगितला आणि मावशीने तो नाकारला नाही. सरकारी कामाचे किस्से असे साठतात की एक सांगायला घ्यावा, तर मागचा त्याला ढकलून पुढे येतो. तमिळ संभाषण मी मराठीत आणले आहे. रागाचे भाषांतर करावे लागले नाही.

रमेशमामा हा मावशीचा धाकटा भाऊ, वय शेहेचाळीस. जन्मापासूनच्या व्याधीमुळे हातपाय आणि वाचा त्याच्या ताब्यात नाहीत. समज पूर्ण आहे. आजोबा सरकारी शिक्षक होते. त्यांच्यामागे आजीला मिळणारी पेन्शन ती गेल्यावर मामाला मिळायला हवी होती. तिच्यातूनच सेल्वीअक्काचा पगार निघायचा, आणि सेल्वीअक्का दिवसभर मामाला सांभाळते म्हणून मावशी पापनाशमच्या शाळेत शिकवायला जाऊ शकते. पेन्शन नाही मिळाली तर मामाने ओरत्तनाडूजवळच्या एका संस्थेत जायचे, असे नातेवाइकांनी ठरवूनही टाकले होते. मामाला न विचारता.

*

खाते उघडायला मामाने स्वतः हजर राहावे, असे बँकेने कळवले. मावशी त्याला ऑटोतून घेऊन गेली. रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशीच जनरेटर बसवलेला. पाच मिनिटे खाली येऊन त्याला पाहावे, अशी तिने मॅनेजरना विनंती केली. ते म्हणाले, रॅम्पची रीतसर तपासणी झाली आहे, फाइलमध्ये फोटोही आहे.

"मग तो फोटो खाली पाठवा," मावशी म्हणाली, "त्याच्यावरून चढवते मी ह्याला."

चौघांनी मामाला खुर्चीसकट उचलून वर नेले. जनरेटर, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तिथेच आहे.

*

पुढे, मामा कमावत नाही असा दाखला हवा होता. महसूल खात्याचा माणूस चौकशीला आला, तेव्हा मावशी शाळेत होती. त्याने कोपऱ्यावरच्या फूलवाल्या पार्वतम्मांना विचारले. मामा रोज सकाळी त्यांच्या दुकानापाशी बसतो. गजरे बांधताना त्या दोऱ्याचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला अडकवतात. त्यांनी कौतुकाने सांगितले की हा माझा पार्टनर, ह्याच्याशिवाय माझे दुकान उघडत नाही.

अहवालात आले: अर्जदार फुलांच्या व्यवसायात भागीदार आहे!

हे एक वाक्य खोडायला चार महिने लागले. शेवटी पार्वतम्मा दुकान बंद ठेवून कचेरीत आल्या. साहेबांनी विचारले, म्हणजे तुम्ही खोटे बोललात?

"मी हसून बोलले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या माणसाला हसणं कळत नाही. त्याला कुठला दाखला देता?"

*

आजीच्या वर्षश्राद्धाला चेन्नईचे वासुकाका आले होते. मावशी मामाला भरवत होती. काका त्याच्या डोक्यावरून मावशीला म्हणाले की इतकी धावपळ करण्यापेक्षा ह्याचे लग्न लावून दे, एखाद्या गरीब घरातली मुलगी मिळेल, ती करेल सगळे.

मावशीने मामाचे तोंड पुसले. मग विचारले, "काका, तुमची मुलगी गरीब व्हायला अजून किती दिवस आहेत?"

काका न जेवता उठले. घरातल्या अनेकांच्या मते चूक मावशीची होती. तिथे मीही होतो आणि गप्प बसलो, हे नोंदवणे मला भाग आहे.

*

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतो. मदत म्हणून मी लॅपटॉपवर एक तक्ता केला. त्यात औषधे, फिजिओथेरपी, सेल्वीअक्काच्या सुट्ट्या, दाखल्यांच्या मुदती असे सगळे वेगवेगळ्या रंगांत भरले. त्याचा मला अभिमान होता. मावशीने तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला.

"कण्णा, ह्यात मी आजारी पडायचा रंग कुठला रे?"

*

शेवटचा कागद पालकत्वाचा. मावशीचे नाव कायदेशीर पालक म्हणून लागले की पेन्शन सुरू होणार होती. सुनावणीला मावशी, मामा आणि सेल्वीअक्का गेले. अधिकारी बाई नवीन होत्या. कागद पाहून झाल्यावर त्यांनी मावशीला विचारले, हे 'हो' कसे म्हणतात?

अकरा महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मावशीने सांगितले की 'हो' असेल तर तो वर पाहतो, 'नाही' असेल तर डोळे मिटतो. बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि मामाच्या खुर्चीसमोर वाकल्या.

"रमेश सर, तुमची बहीण तुमची पालक व्हावी, हे तुम्हाला मान्य आहे का?"

मामाने डोळे मिटले.

त्यांनी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा मिटले.

कारकून म्हणाला, दमून झोप लागली असेल, होकार धरू या. सेल्वीअक्का कबूल करते की तिनेही मान डोलावली. तिचा पगार त्यावर होता. बाईंनी पेन उचलून मावशीकडे पाहिले. मावशीने टेबलावर हात आपटला.

"तो झोपलेला नाही. तो नाही म्हणाला. तसं लिहा."

बाईंनी तसे लिहिले आणि पुढची तारीख दिली. घरी आल्यावर मावशीने दार लावून घेतले आणि त्याला एकामागून एक प्रश्न विचारले. ते सेल्वीअक्काला बाहेर ऐकू येत होते: माझ्यावर भार नको म्हणून? तुला संस्थेत जायचंय? की पालकच कोणी नको? त्यांतल्या कोणत्या प्रश्नाला मामाने वर पाहिले आणि कोणत्या प्रश्नाला डोळे मिटले, याची खातरजमा मला आजवर करता आलेली नाही.