मोठेबाबांनी ठरवलेली शाळा

आमच्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, मधला माणूस असल्याशिवाय कुठलंच काम करता यायचं नाही. बैल घ्यायचा तर विकणाऱ्याचा साडू गाठायचे. डॉक्टरकडे जायचं तर आधी कंपाउंडरचं गाव कोणतं ते काढायचे. शेजारच्या नागरा गावच्या महादेवापुढेसुद्धा ते स्वतः काही मागत नसत, पुजाऱ्याला बाजूला घेऊन म्हणत, "तू रोजचा हायेस त्याच्याजवळ. तूच शब्द टाक."

घरातही तीच तऱ्हा. मोठेबाबा माझ्या आईचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही आणि तिनं त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही. त्यामुळे आई समोर असली तरी ते मला सांगत, "सुमन, तुह्या मायले म्हनाव, भात वाढ." आईनं ते ऐकलेलंच असे, तरी मी सांगेपर्यंत ती जागची हलत नसे. ते अंगणात गेले की मात्र मला म्हणे, "सारं ओळखीनं. ओळखीचा चोर जीवे न सोडी, हे कोणी सांगावं यांना?"

अशा माणसाच्या हातात माझ्या मुलीची विलायतेतली शाळा पडली. माझा नवरा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला होता. वर्षभरानं मी आणि दीड वर्षाची चिमी जाणार होतो, तोवर माहेरी राहत होतो. शिष्यवृत्तीत तिघांचं भागणार नव्हतं, मला तिथे नोकरी करावी लागणार होती, आणि मी कामावर असताना चिमीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. तिथे लहान मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या शाळा होत्या. पण नवरा जिथे चौकशी करी तिथे विचारत, आईला नोकरी आहे का? असेल तर जागा मिळेल. नोकरीच्या ठिकाणी विचारत, मुलीची सोय झाली आहे का? झाली असेल तर नोकरी मिळेल. कोणाचं आधी आणि कोणाचं मग, हे मला कळेना, आणि नवऱ्यालाही कळत नव्हतं.

मोठेबाबांना मात्र यात अवघड काहीच दिसेना. त्यांनी ते काम सोयरिकीसारखं अंगावर घेतलं. "लेकरं सांभाळनारी बाई कोन्या गावची हाये? तिचे सोताचे लेकरं किती? खायाले भात देते का नुसती पावरोटी?" असले प्रश्न ते मला विचारत. मला माहीत नाही म्हटलं की चिडत. "पोरगी द्याची आन् घर पाहाचं नाही? असं कुठं असते?"

"देऊन नाही टाकायची, मोठेबाबा. दिवसभरापुरतीच ठेवायची."

"मंग तर जास्तच पाहा लागते."

एके दिवशी बैलांची दमणी जुंपून, चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन ते एकटेच गोंदियाला गेले. तिथल्या रेल्वे क्वार्टरात एका गार्डसाहेबाची मेमबाई राहायची. तिची बहीण स्वातंत्र्यानंतर इंग्लंडला गेली होती, एवढं त्यांनी मालधक्क्यावरच्या हमालाकडून काढलं होतं. ते परतले ते हसतच. "मेमबाई बोलली, हमारा बहन सब कर देगा. ठरलं समज."

आणि खरंच ठरलं. दीड-दोन महिन्यांनी मेमबाईच्या बहिणीचा निरोप आला की चिमीसाठी जागा राखून ठेवली आहे, बाई मायाळू आहे, भातही देईल. मोठेबाबांनी गावात साखर वाटली. मी लगेच नवऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं ते असं, की शाळा चांगली असेल, पण ते गाव आपल्या इथल्या घरापासून, गोंदियापासून नागपूर आहे त्याहूनही दूर आहे.

इंग्लंड म्हणजे एक गाव, असंच मोठेबाबा धरून चालले होते. मेमबाईला त्यांनी आमचं तिथलं गाव सांगितलंच नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. मोठेबाबांनी ते पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, "जावई त्या गावात काऊन नाही राहत?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. जायचा दिवस जवळ येत होता. आई म्हणाली, "चिमीला इथेच ठेव. परक्या मुलखात परक्या बाईजवळ कशाला? तुझी घडी बसली की ने." तिचं खोटं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, तूच ठरव. मी सकाळी एक ठरवी आणि संध्याकाळी दुसरं. निघायच्या आदल्या दिवशी मी थकून आईला हो म्हटलं. चिमीचं बोटीचं तिकीट मुंबईला पोचल्यावर परत करू, असं वडील म्हणाले.

सकाळी दमणी दारात लागली. चिमी आईच्या कडेवर होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मोठेबाबा ओसरीवरून उठले आणि सरळ आईसमोर जाऊन उभे राहिले. आईनं घाईनं पदर पुढे ओढला.

"सुमनची माय," ते म्हणाले. मी जन्मल्यापासून त्यांना आईशी बोलताना ऐकलं नव्हतं. "मी येवढासा होतो तवा माहे मायबाप मले मामाच्या घरी ठेवून आसामच्या चहामळ्यात गेले. चार वर्सांनं माय परत आली. मले वाटलं, कोनी पाहुनी आली. मी गडव्यात पानी नेऊन देल्लो तिले. पेली नाही. गडवा हातात धरूनच बसली होती."

वडील त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. आजी-आजोबा आसामातून परत आल्यावरचा त्यांचा जन्म.

"लेकरू तिच्याजवळ दे," मोठेबाबा म्हणाले.

 आईनं चिमीला माझ्या हातात दिलं, आत गेली आणि तिचे कपडे पिशवीत कोंबून घेऊन आली. शाळेचा पत्ता नाही, नोकरीचा नाही, आणि मी पोरीला घेऊन निघाले.  गोंदियाला गाडी येईपर्यंत मोठेबाबा फलाटावर चिमीशीच बोलत होते. 

तिथे पोचल्यावर अडचणी व्हायच्या त्या झाल्या. शेवटी घराजवळच्या चर्चच्या मागच्या खोलीत अर्ध्या दिवसाची शाळा मिळाली, मग मी कामही अर्ध्या दिवसाचंच धरलं. ओढाताण फार झाली. आईचं ऐकायला हवं होतं, असं मला कितीदा तरी वाटलं.

मोठेबाबा गेल्याचं वडिलांचं पत्र आलं तेव्हा चिमीला शाळेत सोडून मी घरून कामावर निघत होते. त्या दिवशी कामावर गेलेच नाही. तशीच शाळेकडे गेले आणि सुटायला खूप वेळ होता तरी दाराशी उभी राहिले. चिमी बाहेर आली, मला बघून "आई" म्हणून धावली, आणि मी का रडतेय ते तिला कळेना.